लेकरं कुणाच्या कडेवर वाढली

हैदराबादच्या कोठी भागातल्या आमच्या दुकानाच्या दाराला वाळ्याची ताटी लागली की माझा उन्हाळा सुरू होतो. बाहेर तो कधीचाच आलेला असतो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलेलं असतं, कोपऱ्यावर ताडगोळेवाला ओल्या गोणपाटावर ताडगोळे मांडून बसलेला असतो. पण शाहीन आपा शिडीवर चढून ताटी बांधतात आणि मगानं तिच्यावर पहिलं पाणी मारतात, तेव्हा मला उन्हाळा कळतो. तो ओला वास आधी दारात उभा राहतो, मग काउंटरवर येतो, मग सगळ्या मालात शिरतो. नव्या दुपट्यांत, रबराच्या बदकांत, न उघडलेल्या बाटल्यांच्या खोक्यांत. आपांचं दुकान लहान लेकरांच्या वस्तूंचं आहे आणि मी तिथं विक्रीला उभी असते.

उन्हाळ्यात गिऱ्हाईक वेगळं असतं. सुट्टी संपवून कामावर परत निघालेल्या नव्या आया येतात, आणि त्यांच्यासोबत गावाहून आलेल्या त्यांच्या आया किंवा सासवा. सून न सांडणारा ग्लास उलटा करून बघते, पट्ट्याची कडी ओढून बघते, मोबाईलवर काहीतरी वाचते. सासू वेताच्या मोड्यावर बसून कुलरची हवा घेते. आणि कधीतरी ती म्हणते. तेलुगूत म्हणते, दखनीत म्हणते, पुण्याची असली तर अगदी स्वच्छ मराठीत म्हणते, पण वाक्य तेच असतं.

"आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. तरी लेकरं वाढलीच ना?"

मी म्हणते, "हो आजी, खरंय." दुकानात उभं राहायचं तर एवढं म्हणावं लागतं. पण मनात दुसरं बोलते. वाढली, आजी. कुणाच्या कडेवर वाढली, तेवढं सांगा.

हे मनातलं बोलणं एका उन्हाळ्यात मी मोठ्यानं बोलले होते. ताटी ओली झाली की तो उन्हाळा मला परत येऊन भेटतो.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. मनू माझी दीड वर्षाची. अंबरपेठेत आमची एक खोली, वरच्या मजल्यावरची, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत तापानं फणफणल्यासारखी लागायची. मी फरशीवर पाणी ओतून मनूला तिथं बसवायची आणि ती हातानं पाणी थापटत, कुणाशी तरी भांडल्यासारखी बडबडत राहायची. खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीअम्मा तिला दिवसभर सांभाळत. त्यांच्या मुलाची बदली झाली आणि त्या वरंगलला गेल्या. जाताना त्यांनी मनूच्या कपाळाचा मुका घेतला आणि मला म्हणाल्या, "जाग्रत्ता, अम्मा." सांभाळ. मला सांभाळून राहायला कुणी सांगावं लागत नाही. मी झोपेतसुद्धा लेकराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई आहे. पण लक्ष्मीअम्मा गेल्या आणि मनूला ठेवायचं कुठं, हा प्रश्न खोलीच्या मधोमध येऊन बसला.

त्याचं उत्तर मला न विचारताच ठरलं. मनूचे पप्पा गोदामात काम करतात. ते संध्याकाळी आले, पाय धुतले आणि टॉवेलला तोंड पुसता पुसता म्हणाले, "आईशी बोललो. मनूला गावाकडं नेऊ. शाळेच्या वयाची झाली की आणू परत."

"तिला तिथं कोण बघणार?"

"घर भरलेलं हाय की. माणसं काय कमी हायेत का?"

आमचं गाव देगलूरच्या पुढं, म्हणजे हैदराबादपासून फार लांब नाही. पण लेकरू तिथं आणि आई इथं असली की मग ते किती लांब, हे बसच्या तिकिटावर लिहिलेलं नसतं. आमच्या गल्लीत अशा कितीतरी आया आहेत. त्यांची लेकरं फोनवर मोठी होतात. स्क्रीनला ओठ लावतात आणि मग आजीच्या कुशीत पळून जातात. त्यांच्यात मला काही वाईट दिसत नाही. जिला जसं जमतं तसं ती करते. पण माझी भीती वेगळीच होती, आणि ती फक्त मनूची नव्हती.

माझी डावी कड उजवीपेक्षा थोडी वर आहे. साडी नेसताना निऱ्या एका बाजूला ओढल्या जातात, म्हणून मला कळतं. बाकी कुणाला दिसत नाही. मी सातवीत होते तेव्हा थोरल्या ताईला मुलगा झाला. ताई कापूस वेचायला जायची. तिची सासू थकलेली. आई म्हणाली, "जा चार महिने, लेकराला धर. मग ये शाळेत." मी गेले. दप्तर घरी खुंटीला टांगून गेले. भाच्याला डाव्या कडेवर घ्यायची, उजव्या हातानं चूल सारायची, पाणी आणायची. चार महिन्यांचे किती झाले ते मी मोजलं नाही. परत आले तेव्हा खुंटीवरच्या दप्तरात आईनं बियाणं ठेवलं होतं. तो भाचा आता मोठा आहे, मला माऊ म्हणतो, दिवाळीला न चुकता फोन करतो. माझा त्याच्यावर राग नाही, ताईवर तर नाहीच.

मी शाळेत काही हुशार नव्हते. हेही सांगून टाकते, कारण शाळा सुटलेल्या पोरीची गोष्ट सांगताना लोकांना ती पोर वर्गात पहिली येणारी लागते. मी मागच्या बाकावर बसायची. गणित आलं की खिडकीतून बाहेर बघायची. पण हुशार नसलेल्या पोरीलाही बाकावर बसायची जागा असते. ती माझी होती आणि ती गेली.

आमच्याकडं लेकरू सांभाळायचं साधन असतंच. आजी म्हणतात ना, असलं काही नव्हतं म्हणून? होतं. ते घरातच मिळायचं. त्याला पट्टा नव्हता, कडी नव्हती, ते धुवावं लागत नव्हतं. ते आपोआप चालायचं, गाणं म्हणायचं, लेकराचं नाक पुसायचं. त्याचं वय दहा-अकरा असायचं आणि त्याला दोन वेण्या असायच्या.

गावाकडं त्या वर्षी तसं साधन तयार होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पिंकी. अकरा वर्षांची.

दुकानात मी ते आपांना सांगितलं तेव्हा दुपार होती. आपांचा रोजा होता. रोज्यात त्या दुपारी फार बोलत नसत, खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडत. मी दुपट्यांच्या घड्या घालत होते, आणि घडी घालता घालता माझ्या हातातलं दुपटं ओलं झालं.

आपांनी डोळे उघडले. "कायकू रोरई?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बच्ची कू नक्को भेज. यहाँ लेको आ."

"इथं? गिऱ्हाईक असतं, आपा."

"बच्चों की दुकान में बच्ची नइं रहती तो कहाँ रहती?" एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच पुढचं सांगितलं, "आने-जाने कू वो पट्टेवाला ले. स्टोअर में नेव्ही रंग का पडा हे. मैला नइं दिखता."

आपांचं ऋण मी फेडू शकणार नाही, आणि फेडायची घाईही नाही. काही उपकार अंगावर असलेले बरे असतात. थंडीत ऊब येते त्यांची. पण त्या दिवशी मी आपांचं अर्धंच ऐकलं. स्टोअरमधलं नेव्ही रंगाचं कॅरिअर मी घेतलं नाही.

दुकानाच्या काचेत एक प्लास्टरची बाई उभी होती, नाकाचा टवका उडालेली. तिच्या छातीशी एक बाहुली बांधलेली, आणि बाहुली ज्यात बसलेली ते बेबी कॅरिअर पिवळं. पोपटी नाही, लिंबू नाही, हळदीच्या ताज्या कांड्यासारखं पिवळं, आतून पांढऱ्या ठिपक्यांचं अस्तर. गिऱ्हाईक काचेत बघून आत यायचं ते त्या पिवळ्यामुळं, आणि घेऊन जायचं राखाडी. "पिवळं मळतं हो." वर्षभर ऊन खाऊन ते एका बाजूनं उतरलं होतं. एक खांदा हळदीचा, दुसरा ताकात हळद पडल्यासारखा. ते आता विकलं जाणार नव्हतं. मी म्हटलं, "आपा, मला ते द्या."

"वो? एक साइड का रंग गया उसका."

"तेच द्या."

आपांनी माझ्याकडं बघितलं. मग प्लास्टरच्या बाईच्या अंगातून ते काढताना पुटपुटल्या, "सुनीता, तेरा शौक बी अजीब हे."

हो, आहे शौक. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्यासारख्यांनी वस्तू घ्यायची तर मळखाऊ घ्यायची, टिकाऊ घ्यायची, लेकराला एक साइज मोठं घ्यायचं, असं सगळ्यांना वाटतं. देखणं घेतलं की लोकांच्या भुवया वर जातात. जणू देखणेपण पगार बघून अंगावर यावं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी रंग निवडून देते. या टोपीवर हे झबलं बघा, मानेवर ऊन येऊ नये म्हणून मागं झालर असलेली ही टोपी बघा, खाली सांडलेला भात झेलायला खिसा असलेलं हे लाळेरं बघा, हे पाण्यानं धुतलं की झालं. माझे डोळे त्या रंगांत दिवसभर असतात. मग माझ्या लेकरासाठी डोळे मिटून घेऊ का? मनू माझ्या छातीशी बसणार, रस्त्यात चारचौघांत बसणार. ती मला लपवायची नव्हती. मळखाऊ रंग लपवायच्या गोष्टींना असतो.

पहिल्या दिवशी मी ते खोलीत घालून पाहिलं. कमरेचा पट्टा खटकन लागला. तो आवाज मला अजून आवडतो, दाराची कडी नीट बसल्यासारखा. मनू आत बसली, तिचे पाय दोन्ही बाजूंनी बाहेर आले आणि तिनं माझ्या गळ्याखाली तोंड खुपसलं. माझी भीती काही गेली नाही. मी तिचं नाक मोकळं आहे ना बघितलं, पाय वर दुमडलेत ना बघितलं, पट्टा ओढला, परत ओढला. पण उभी राहिले तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी तशीच उभी राहिले. ओझं मधोमध होतं. दोन्ही खांद्यांवर सारखं, दोन्ही कडांवर सारखं. आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. लेकरू अंगावर असताना दोन्ही हात रिकामे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. मी उगाचच दोन्ही हातांनी केस बांधले.

दुकानात मनूसाठी आपांनी दुसरी सोय केली. चूं चूं बूट. पाऊल टाकलं की वाजणारे. शिकलेल्या आयांना ते आवडत नाहीत, डोकं उठतं म्हणतात, आणि उठतंही. पण आपांचं म्हणणं सरळ होतं. "आवाज आरा तो बच्ची हे. आवाज बंद हुआ तो काम छोड, भाग." त्या उन्हाळ्यातलं दुकान मला असंच आठवतं. कुलरचा घुर्रर्र, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि त्यातून खोक्यांच्या गल्ल्यांमधून फिरणारं चूं चूं, चूं चूं. गिऱ्हाईकाशी बोलताना माझा एक कान त्याला बांधलेला असायचा. संध्याकाळी दुकानासमोरच्या हॉटेलात हलीमच्या डेगीत लाकडी घोटणे आपटायला लागले की मनू त्या ठेक्यावर बूट वाजवायची. आपा रोजा सोडताना पहिल्या खजुराची बी काढून अर्धा तिच्या तोंडात घालायच्या.

अशातच मनूला न्यायला गावाहून सासूबाई आल्या. सोबत पिंकी.

मी दार उघडलं तर पिंकी जिन्यावरच उभी होती. वाढायच्या वयातलं बारीक अंग, दोन वेण्या, फ्रॉकच्या खाली पायजमा. मनूनं तिला बघितलं आणि पिंकीनं वाकून तिला उचललं. उचललं आणि डावी कड बाहेर काढली. लेकरू तिथं बसलं, जसं कोनाड्यात समई बसते. त्यासाठी पिंकीला विचार करावा लागला नाही. तिच्या कडेनंच ते केलं. मी चहाचं आधण ठेवायला वळले, कारण माझं तोंड मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

"पिंके, शाळा?" मी आधणाकडं बघत विचारलं.

"सुट्ट्या लागल्यात, काकी."

"उघडल्यावर?"

तिनं आजीकडं बघितलं. सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, पदरानं वारा घेत होत्या. "उघडल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "काय हुशार बिशार न्हाई ती तशी."

तो "बघू" मला ओळखीचा होता. तो माझ्या दप्तरात बियाण्याशेजारी ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पिवळं कॅरिअर घातलं, मनूला आत बसवलं, खटकन पट्टा लावला. सासूबाई बघतच राहिल्या.

"आगं हे काय? लेकरू हाय का माकडीनीचं पिल्लू?"

"आत्याबाई, चला तुम्हीपण दुकानात. कुठं ठेवते ते बघा."

त्या आल्या. पिंकीही आली. बसमध्ये सासूबाई माझ्यापासून दोन सीट मागं बसल्या, पिवळ्याशी आपला संबंध नाही असं दाखवत. दुकानात आपांनी त्यांना मोडा दिला, कुलर त्यांच्याकडं वळवला आणि म्हणाल्या, "आव अम्मा, बैठो." सासूबाईंना हैदराबादी बोली येत नाही असं त्या म्हणतात, पण त्यांच्या लहानपणी गावात अर्धे लोक तीच बोलायचे. त्यांना सगळं कळतं.

"लेकराला असं बांधून आणतेत का?" त्यांनी मराठीतच आपांना विचारलं.

"बांध को नइं लाती, अम्मा. पकड को लाती," आपा म्हणाल्या. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण हे त्यांच्या मनात कुठंतरी जाऊन बसलं असावं.

दुपारी गर्दी झाली. पुण्याहून बदली होऊन आलेली एक बाई होती, पाच महिन्यांचं बाळ खांद्यावर, डोळे रडून सुजलेले. परवापासून तिला ऑफिसला जायचं होतं. मी मराठी बोलते कळल्यावर ती एकदम मोकळी झाली आणि भराभर विचारायला लागली. हे वापरू का, ते वापरू का, यानं बाळाचे पाय वाकडे होतात का, माझी आई म्हणते ही सगळी थेरं आहेत. तिची आई शेजारीच उभी होती. तिनं ते वाक्य म्हटलं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी बाळाचे पाय कसे ठेवायचे ते दाखवत होते. दोघी वाकून बघत होत्या. आणि मग मला कळलं की दुकानात काहीतरी कमी आहे.

चूं चूं नव्हतं.

मी हातातलं तिथंच टाकलं. खोक्यांची पहिली गल्ली, दुसरी गल्ली. पाळण्यांच्या खाली. दाराकडं धावले, दारापुढं रस्ता, रस्त्यावर रिक्षा. माझ्या कानात दुसरं काही नव्हतं, फक्त न वाजणारे बूट. आपा रोजा विसरून ओरडत होत्या, "मनू, मनू बेटा." आणि मग पिंकीचा आवाज आला, "काकी, हितं हाय."

मनू ताटीच्या आणि काचेच्या मध्ये बसली होती. बूट काढलेले. एक हातात, एक तोंडात. ओल्या वाळ्याला गाल लावून गारव्यात बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मी पोचायच्या आत पिंकीनं तिला उचललं होतं, कडेवर घेतलं होतं, तिच्या तोंडातला बूट काढून फ्रॉकला पुसला होता.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "झालं समाधान? उद्याच्या गाडीनं नेते मी लेकराला. तुझ्या दुकानात हरवायला न्हाई जन्मलं ते."

त्या म्हणाल्या ते चूक होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नसतं, आजही पूर्ण म्हणता येत नाही. लेकरू माझ्या नजरेआड झालं होतं. पण समोर पिंकी उभी होती. डावी कड बाहेर काढून, मनूचं सगळं ओझं त्या बारीक हाडावर घेऊन. आणि तिला ते जड होत नव्हतं, हेच मला बघवेना.

"आत्याबाई, गावाकडं मनूला कोण घेणार?"

"कामून? आम्ही हाओत की सगळे."

"तुम्ही सकाळी रानात जाता. जाऊबाई रानात जातात. भाऊजी रानात. मग घरी कोण?"

सासूबाईंची नजर पिंकीवर गेली. पुण्याची बाई बाळ घट्ट धरून उभी होती, तिची आई पिंकीकडं बघत होती. पिंकीनं सगळ्यांच्या नजरा बघितल्या आणि मनूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मनू जाणार नाही," मी म्हटलं. आवाज माझा होता पण मी तो आधी ऐकला नव्हता. "ती इथं पडेल, रडेल, ताटीमागं लपेल. मी शोधीन. पिंकीच्या कडेवर ती वाढणार नाही. पिंकी जूनमध्ये शाळेत जाईल."

"हुशार न्हाई ती," सासूबाई परत म्हणाल्या, पण बारीक आवाजात.

"नसू दे."

मग सासूबाई मोड्यावर बसल्या आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "मी बी धरली होती लेकरं. भावाची, चुलत्याची. मला काय झालं?"

मी त्यांच्या कमरेकडं बघितलं. नऊवारीत काही दिसत नव्हतं. पण त्या बसल्या होत्या त्या एका बाजूला कलून, मोड्याच्या डाव्या काठावर भार देऊन. मी जाऊन पिंकीच्या हातातून मनूला घेतलं, पिवळ्यात बसवलं आणि पट्टा लावला. खट. पुण्याच्या बाईनं नाक पुसलं आणि विचारलं, "यात दुसरा रंग आहे?" तिनं राखाडी घेतलं. त्या दिवसापासून आपांनी ताटीच्या मागची फट पुठ्ठ्यानं बुजवली, आणि बुटांना मी इलास्टिक शिवलं.

आमच्या घरात त्या संध्याकाळी कुणी कुणाशी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. मनूचे पप्पा ऐकून गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याची मला रात्रभर धास्ती होती. सकाळी मला दुकानाची वेळ गाठायची होती आणि सासूबाईंना आणि पिंकीला गाडीला सोडायचं होतं. मनूला कुणी घ्यायचं, असं मी विचारायच्या आत मनूच्या पप्पांनी खुंटीवरचं पिवळं काढलं. दोन्ही हात घातले. पट्टा त्यांच्या पोटाला पुरेना, तो सैल केला. मनूला आत बसवलं आणि विचारलं, "कुठं लावायचं हे?"

मी खटका लावून दिला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पिंकीनं फोनवर सांगितलेलं आहे, आणि इतक्या वेळा ऐकलंय की आता पाहिल्यासारखंच आहे. अफझलगंजजवळच्या बसस्टँडवर गोदामात पोती उचलणारा माणूस एक खांदा हळदीचा आणि एक ताकाचा अशा पिवळ्या पिशवीत लेकरू बांधून आईची बोचकी दोन्ही हातांत घेऊन चाललेला. लोक वळून बघत होते. सासूबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, "ते आधी अंगातून काढ. बायकावाणी दिसालास."

"लेकरू झोपलंय, माय," ते म्हणाले. "काढलं तर उठेल."

बस सुटेपर्यंत त्यांनी ते काढलं नाही. पिंकी म्हणाली, "काकी, काकाचे दोन्ही हात मोकळे होते, तर त्यांनी दोन्ही हातांनी टाटा केला."

जूनमध्ये शाळा उघडली आणि पिंकी गेली. मला कुणी मुद्दाम कळवलं नाही. मी एका सकाळी फोन लावला तर जाऊबाई म्हणाल्या, "पिंकी कुठं घरी हाय, शाळेत हाय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी दुकानात कारण नसताना सगळ्या दुपट्यांच्या घड्या परत घातल्या.

आता मनू या जूनमध्ये पहिलीला जाणार. दप्तर तिनं स्वतः निवडलं, जांभळं. आपा म्हणाल्या मैला होता, आणि आम्ही दोघी हसलो. ती आता ताटीमागं मावत नाही, पण गाल लावायला अजून जाते.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. धाकट्या दिराला मुलगा झालाय. धाकटी जाऊ तालुक्याला शिवणाच्या कामाला जाते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ती पिशवी हाय का अजून?"

"कोणती?"

"तीच गं. खटका लावायची." परत थांबल्या. "लेकराला धराया कुणी न्हाई. राणीला म्हणलं तर ऐकना, म्हणती शाळा हाय. ह्या पोरी लई शेफारल्या. मीच घेईन बांधून, दुसरं काय. पण पिवळी नको पाठवू. मळती. अन् लोक बघतेत."

राणी म्हणजे पिंकीच्या पाठची. आता दहाची झाली.

दुकानात नवा माल आहे. राखाडी आहे, निळी आहे, चॉकलेटी आहे. आपा म्हणाल्या, "जो होना वो लेको जा." मी घरी आले आणि पेटीतून पिवळी काढली. साबणाच्या पाण्यात भिजवली, गच्चीवर उलटी वाळवली. शिवण बोटानं चाचपली, जिथं थोडी सैल वाटली तिथं दुहेरी टाके घातले. पट्ट्याला वीट बांधून टांगून बघितली. खटका पुन्हा पुन्हा लावला आणि काढला. माझी भीती अजून जिथल्या तिथं आहे. पण आता ती कामाला येते.

पिंकी आलीय. दहावीचे पेपर देऊन सुट्टीला. पास होईल की नाही, तिला माहीत नाही, मला माहीत नाही. गणित अवघड गेलं म्हणते. काल तिनं खुंटीवरची पिवळी काढून घातली. रिकामीच. पट्टा लावला, खट वाजलं आणि ती तशीच आरशासमोर उभी राहिली. सरळ.

"काकी, आजी पिवळी नको म्हणाली हुती ना?"

"हो."

"ओरडंल ती."

"ओरडू दे. राणीची शाळा कधी उघडते?"

"जूनला."

"मग पिवळीच ने. लेकरू कुणाच्या अंगावर आहे, ते लोकांना दिसू दे."